हिशोबातली ‘वायर व फ्यूज’ ही ओळ



गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर जो हिशोब छापला होता, त्यात ‘मोटारसायकल : वायर, फ्यूज, कन्व्हर्टर’ अशी एक नोंद दोनदा आली होती. पुण्याच्या एका भगिनींनी पत्र लिहून विचारले आहे, की जीपीएस यंत्र तर देणगीतून मिळाले, ते पेन्सिल सेलवर चालते असेही तुम्हीच कळवले होते. मग त्याला वायर कशाला, आणि तीही दोनदा कशाला? प्रश्न रास्त आहे. संपादकांनी तो माझ्याकडे पाठवला, कारण दवाखान्याच्या दोन्ही मोटारसायकली मी सांभाळतो आणि ती वायर मीच जोडली होती. दोनदा खर्च झाला, कारण पहिल्यांदा मी चुकलो. काय चुकले आणि नंतर काय केले, ते सविस्तर लिहितो. आपल्यापैकी काही जण इतर ठिकाणच्या सेवाकार्यात मोटारसायकलवर फिरतात. त्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी यंत्राची गरज का पडली ते सांगतो. अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात गाव म्हटले की देशावरच्या गावासारखे एका जागी वसलेले गाव डोळ्यांसमोर आणू नका. इथे गाव म्हणजे पाच-सात पाडे, आणि पाडा म्हणजे डोंगरउतारावर ज्याच्या त्याच्या शेतात असलेले एकेक घर. एका घरापासून दुसरे घर हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. पाटीलपाडा नावाचे पाडे तर किती तरी आहेत. सिस्टर एखाद्या बाळंतिणीला पाहून आल्या आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरांना तिथेच पाठवायचे असले, की वाट सांगण्यातच अर्धा तास जायचा: मोहाच्या झाडापासून खाली, नाला ओलांडला की उजवीकडे. पावसाळ्यात गवत पुरुषभर वाढते आणि उजवीकडची पायवाट दिसतच नाही. वर धुके. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी माणसे गुजरातेत गेली, की वाट विचारायलाही घरी कोणी सापडत नाही.

जीपीएस यंत्रात एकदा त्या घराची जागा साठवली, की पुढच्या वेळी कोणीही गेले तरी यंत्र दिशा आणि अंतर दाखवते. शिवाय आपण ज्या वाटेने गेलो ती रेघ त्यात उमटते. रात्री परतताना त्याच रेघेवरून मागे यायचे. आम्हाला सगळ्यात मोठा आधार या रेघेचा वाटतो.

काही जण विचारतात, तुमच्याकडे तर फोनला रेंज नाही, मग हे चालते कसे? त्याला रेंज लागतच नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. यंत्र ते फक्त ऐकते; स्वतः काहीही पाठवत नाही. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की प्रत्येक संकेत यायला किती वेळ लागला यावरून ते आपली जागा काढते. मोकळे आकाश मात्र हवे. खोल घळीत किंवा कड्याला चिकटून असलेल्या घरापाशी ते कधी कधी घोटाळते. फोनमध्येही हीच सोय असते, आधी उतरवून घेतलेला नकाशा असला तर फोनही रेंजशिवाय वाट दाखवतो. पण ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, आणि आमच्याकडे चार महिने बोटे ओलीच असतात.

आता सेलबद्दल. यंत्रात दोन पेन्सिल सेल बसतात. यंत्राच्या माहितीपत्रकात २५ तास लिहिले आहे. पडद्याचा दिवा लावून ठेवला, की ते निम्म्यावरही येतात. सेल संपतात ते नेहमी संध्याकाळीच, असे सिस्टर म्हणतात. पुन्हा चार्ज होणारे सेल आम्ही वापरून पाहिले, पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. मोटारसायकलवर तर इंजिन चालू असेपर्यंत वीज तयार होतच असते. तेव्हा यंत्र गाडीलाच जोडावे, म्हणजे सेल फक्त पायी चढायच्या वाटेसाठी उरतील, असा विचार केला. विचार चुकीचा नव्हता.

यंत्राला ५ व्होल्ट लागतात आणि मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असते. मधे एक काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो. मी तो आणला, लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला लावली, सीटखालून हँडलपर्यंत केबल नेली आणि यंत्र सुरू झाले. अर्ध्या तासाचे काम. सगळ्यांनी कौतुक केले. दोन महिने काहीही बिघडले नाही, म्हणून मला वाटले की काम बरोबर झाले आहे.

मग एकदा सभांसाठी आम्ही सगळे खाली गेलो आणि गाडी नऊ दिवस उभी राहिली. परतलो त्याच रात्री, पहाटे चारच्या सुमारास, एका पाड्यावरून बाप बोलावायला आला. मुलाला ताप होता आणि झटके येत होते. दोन तास अंधारात चालत आला होता. सिस्टर पिशवी घेऊन तयार झाल्या. मी किल्ली फिरवली, बटण दाबले, आणि आतून फक्त ‘टक्’ आवाज आला. पुन्हा दाबले, पुन्हा टक्. किक मारली, लागेना. उतारावर ढकलून चालू करू म्हणून ढकलली. तो दमलेला बापही मागून ढकलत होता. तरी नाही. शेवटी शाळेतल्या गुरुजींना उठवून त्यांची गाडी घेतली. निघायला ५० मिनिटे उशीर झाला. देवाच्या दयेने मूल वाचले, सिस्टरांनी त्याला धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन पोहोचवले. सिस्टर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

सकाळी बॅटरी मोजली. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, ११.८ च्या खाली ती संपल्यात जमा. ही ९.४ दाखवत होती. सीट काढून पाहिले तर कन्व्हर्टरवरचा छोटा हिरवा दिवा मिणमिणत होता. यंत्र काढून घरात ठेवले होते, पण कन्व्हर्टर बॅटरीला थेट जोडलेला असल्यामुळे नऊ दिवस आणि नऊ रात्री तो जागाच होता.

एवढासा दिवा बॅटरी कशी संपवील, असे मलाही वाटले. म्हणून हिशोब केला. उणे टोक सोडवून मधे मल्टिमीटर धरला, तर २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, सतत जात होते. नऊ दिवसांचे २१६ तास. गुणाकार ४.३ अँपिअर-तास. आमच्या बॅटरीवर लिहिलेली क्षमता ५ अँपिअर-तास, आणि तीही नवी असतानाची. मोटारीची बॅटरी यापेक्षा कितीतरी मोठी असते, तिथे ही गळती कळली नसती. मोटारीच्या सवयीने मोटारसायकलवर काम करू नये हे मला त्या दिवशी कळले.

ढकलून गाडी का चालू झाली नाही, तेही सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्यांचा यावर विश्वास बसत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. पेट्रोल टाकीतला विजेवर चालणारा पंप ढकलतो आणि किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. बॅटरी फार उतरली तर पंप चालत नाही. मग किक मारा नाहीतर ढकला. जुन्या गाड्यांत ही अडचण नव्हती. आमची ती बॅटरी पुढेही सुधारली नाही. शिशाची बॅटरी एकदा तळाला गेली, की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि तिची धारणाशक्ती कमी होते. तिसऱ्या महिन्यात ती बदलावी लागली. हिशोबातली बॅटरीची ओळही माझ्याच नावावर मांडा.

दुसऱ्यांदा काम करताना एकच गोष्ट मनाशी धरली: यंत्र बंद पडले तर चालेल, पण यंत्रामुळे गाडी बंद पडता कामा नये. सगळी जोडणी या एका अटीवर केली.

पहिली गोष्ट, वीज अशा वायरीतून घ्यायची, की किल्ली काढली की ती मेली पाहिजे. अशी वायर शोधायला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लागतो. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नये. कंपनीकंपनीत रंग बदलतात आणि आधीच्या कोणी मिस्त्रीने काय केले असेल ते सांगता येत नाही. किल्ली बंद असताना शून्य आणि चालू करताच बॅटरीइतके व्होल्ट दाखवणारी वायर आपल्याला हवी. आमच्या गाडीत मागच्या ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडे जाणारी वायर तशी सापडली. स्विचला दोन वायरी असतात. ब्रेक न दाबताही जिच्यात वीज असते ती घ्यायची, दुसरी नाही. नव्या गाड्यांत संगणकाकडे आणि सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक वायरींना मात्र हात लावू नये. तिथे चुकीची जोडणी झाली, तर नुकसान फ्यूजवर भागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्यूज. पहिल्या वेळी मी तो लावलाच नव्हता. काहीच घडले नाही, पण घडले असते तर गळतीपेक्षा वाईट घडले असते. हँडल रोज शेकडो वेळा डावी-उजवीकडे वळते. टाकीखालून जाणारी वायर सांगाड्यावर घासते, वरचे आवरण फाटते आणि तांबे लोखंडाला टेकते. बॅटरी लहान असली तरी अशा वेळी वायर लाल होऊन पेट घेण्याइतकी वीज ती देऊ शकते, आणि वर पेट्रोलची टाकी. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी असतो असे बहुतेकांना वाटते. तो वायरीला वाचवतो. म्हणून तो यंत्रापाशी नव्हे, जिथून वीज घेतली त्या जोडापासून वीतभर अंतरात बसवायचा. त्याच्यापुढची सगळी वायर त्याच्या राखणीत येते, आधीची येत नाही.

गाडीचा मूळ फ्यूज असतोच की, मग वेगळा कशाला, असे आमच्या पावरा सहकाऱ्याने विचारले. चांगला प्रश्न विचारला. आपली वायर कुठे टेकली आणि फक्त मूळ फ्यूज असला, तर तो उडेल आणि त्याबरोबर हॉर्न, दिवे, स्टार्टर, पंप सगळेच जाईल. आपला लहान फ्यूज आधी उडाला पाहिजे, म्हणजे फक्त यंत्र बंद पडेल आणि सिस्टर पुढे जातील. किती अँपिअरचा? यंत्र स्वतः फारच थोडी वीज घेते, पण सिस्टरांचा फोनही त्याच कन्व्हर्टरला लागतो. फोनला ५ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे १० वॉट. १२ व्होल्टच्या बाजूला, कन्व्हर्टरमधली तूट धरून, जेमतेम १ अँपिअर. म्हणून २ अँपिअरचा फ्यूज लावला. दोन जादा फ्यूज टूलकिटमध्ये चिकटवून ठेवले आहेत. फ्यूज उडाला तर मोठा लावू नये आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच गुंडाळू नये. हसू नका, मी स्वतः एका गाडीत पाहिली आहे.

रिले लावावा का, यावर आमचे गॅरेजवाले भाऊ आणि मी बराच वेळ बोललो. रिले म्हणजे असा स्विच, की किल्लीच्या वायरीतून थोडीशी वीज मिळाली की तो बॅटरीकडून येणारी मोठी वाट उघडतो. जादा हेडलाइट लावायचे असले तर तो हवाच. एक अँपिअरसाठी तो नको असे माझे मत पडले: रिले स्वतः चालू राहायलाच वीज खातो, आणि धक्क्यांच्या रस्त्यावर जितके जोड जास्त तितकी बिघाडाची ठिकाणे जास्त. त्यांना अजूनही हे पटलेले नाही.

जोड कसे द्यायचे याबद्दल. वायरीला चावून बसणारे छोटे प्लास्टिकचे जोड बाजारात मिळतात, एका मिनिटात काम होते. पावसाळी भागात ते घेऊ नका. आत पाणी जाऊन तांबे हिरवे पडते. नुसत्या डाखाची कडा सततच्या हादऱ्याने तुटते. आम्ही चिमट्याने दाबून बसवलेले जोड वापरले, वर गरम केली की आवळून बसणारी नळी चढवली. वायर पाऊण चौरस मिलिमीटरची, पुष्कळ बारीक तारांची घेतली. एकाच जाड तारेची घरगुती वायर हँडलपाशी काही महिन्यांत तुटते. काळी वायर सांगाड्याच्या गंजक्या बोल्टला न देता बॅटरीच्या उणे टोकालाच दिली.

काम सुरू करताना बॅटरीचे उणे टोक आधी सोडायचे आणि शेवटी लावायचे. अधिक टोक आधी सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी पडते. हे पुस्तकात वाचले होते, तरी एकदा अनुभव घेतलाच.

वायर नेताना ती सायलेन्सर आणि इंजिनच्या माथ्यापासून लांब, तसेच स्पार्क प्लगच्या जाड वायरीपासूनही लांब ठेवली. हँडलपाशी बोटभर ढील सोडली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे ताण येत नाही ना ते पाहिले. कन्व्हर्टर सीटखाली कोरड्या जागी आहे. यंत्राकडे जाणारी केबल खालून वर चढेल अशी ठेवली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वळणावरच थेंब होऊन गळते, यंत्राच्या तोंडापर्यंत जात नाही.

शेवटी इंजिन चालू करून बॅटरीवर मोजले. मंद चालीला साडेतेराच्या आसपास, थोडा वेग दिल्यावर १४.२. एवढे असले म्हणजे चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो आधी दुरुस्त केल्याशिवाय काहीही जोडू नये. नाहीतर कन्व्हर्टर जळेल आणि बॅटरीही जाईल. मग किल्ली काढली, पुन्हा मल्टिमीटर मधे धरला. कन्व्हर्टर सोडवलेला असताना जेवढा आकडा येत होता तेवढाच आला. हिरवा दिवा विझलेला होता. तो विझलेला पाहायला सिस्टरांनाही बोलावले.

राहिली दुसरी, जुनी गाडी. तिलाही असेच करा असे सगळ्यांचे म्हणणे होते आणि एका उत्साही मित्राने तर हेडलाइटच्या वायरीतून वीज घ्यायला सुचवले. तिथे एक फसवणूक आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. त्याच्या आधीच्या पुष्कळ लहान गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच. तो थेट इंजिनमधल्या कॉइलवर चालतो. ती वीज घरातल्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी असते आणि इंजिनच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होते. आपला कन्व्हर्टर तिच्यासाठी बनलेला नाही. ओळखायचे सोपे आहे: इंजिन बंद ठेवून किल्ली चालू करा आणि हेडलाइटचे बटण दाबा. हॉर्न वाजतो पण हेडलाइट लागत नाही, असे झाले तर ती अशी गाडी. आमची तशीच आहे. तिची बॅटरी २.५ अँपिअर-तासांची, आणि कॉइलमधून बॅटरीच्या वाट्याला थोडीच वीज येते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सारखा हॉर्न वाजवत, इंडिकेटर लावत जायचे, आणि वरून फोन चार्ज करायचा, हे तिला झेपणार नाही. म्हणून तिला वायर जोडलेली नाही. त्या गाडीवरून जाणाऱ्या सिस्टर यंत्र सेलवर चालवतात आणि चार सेल जादा नेतात.

तेव्हा ज्यांना मदत पाठवायची इच्छा आहे त्यांना एवढीच विनंती, की मोटारीच्या लायटरच्या भोकात बसणारे चार्जर पाठवू नका. चांगल्या भावनेने आलेले सात आमच्या कपाटात पडून आहेत. चांगल्या कंपनीचे चार्ज होणारे पेन्सिल सेल पाठवलेत तर ते लगेच वापरात येतील.

यंत्रात आज आमच्या भागातली दोनशेहून अधिक घरे साठवलेली आहेत. ती यादी आम्ही कोणालाही देत नाही, म्हणून कोणी मागितली तर राग मानू नये. नव्या जोडणीनंतर गाडी एकदा बारा दिवस उभी होती. तेराव्या दिवशी मी बाहेर जायच्या आधीच सिस्टरांनी बटण दाबून पाहिले होते. चालू झाली.